चुकांचा सगळा पत्ता बाकीत असतो

मित्रहो, पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे, हे सगळी सांगली विचारत असते. 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका. फ्लॅश मेमरीची (फोन, पेन ड्राइव्हमधल्या साठवणीची) पेशी वाचताना तिचा नियंत्रक, म्हणजे कंट्रोलर, हेच करतो. आत अडकवलेला विद्युतभार कुठल्या दोन खुणांच्या मधे आहे ते बघतो आणि त्यावरून बिट ठरवतो. एका पेशीत एकच बिट असेल तर एक खूण पुरते. चार बिट कोंबले की 16 पातळ्या आणि 15 खुणा होतात. भार हळूहळू झिरपतो, शेजारची पेशी लिहिताना ही पेशी हलते, पुसून-पुसून तिचा थर झिजतो. म्हणजे वाचताना चुका येणारच. त्या दुरुस्त करणारा डिकोडर हलका कसा करायचा, हा आजचा विषय.

आपण बीसीएच कोड घेऊ, म्हणजे माहितीला जादा बिट जोडून चुका दुरुस्त करण्याची एक पद्धत. होक्वेनगेम यांनी 1959 मध्ये आणि राजचंद्र बोस व रे-चौधुरी यांनी 1960 मध्ये तो स्वतंत्रपणे मांडला. हे बोस कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडलेले. नव्या दाट चिपांसाठी आज एलडीपीसी हा दुसरा कोड वापरतात, ते खरं. पण एम्बेडेड कामात (यंत्रांच्या आत बसवलेल्या छोट्या संगणकांत) बीसीएच अजून पोटापाण्याचा कोड आहे, आणि हार्डवेअर शिकायला याच्यासारखा दुसरा नाही.

उदाहरण ठरवून घेऊ. 512 बाइट माहिती, म्हणजे 4096 बिट. आठ चुकांपर्यंत दुरुस्ती हवी. एका चुकीमागे 13 बिट, म्हणून पॅरिटी, म्हणजे जोडलेले तपासणीचे बिट, 104. एकूण शब्द 4200 बिटांचा. पुस्तकात डिकोडरचे तीन टप्पे दिसतात: सिंड्रोम (चुकांची लक्षणं सांगणाऱ्या संख्या) काढा, बर्लेकॅम्प-मॅसी या रीतीने चुकांची बहुपदी बांधा, चिएन शोध या रीतीने तिची मुळं, म्हणजे चुकांच्या जागा, शोधा. विद्यार्थी तिन्ही टप्पे तितक्याच वेगाने चालवायला जातात आणि चिप भरून जाते.

इथे थांबा आणि विचार करा. लिहिताना पॅरिटी काढायला तुमच्याकडे 104 बिटांचं शिफ्ट रजिस्टर (बिट एकेक पुढे सरकवणारी साखळी) आधीच आहे. ते भागाकार करतं आणि बाकी ठेवतं. वाचताना आलेला शब्द त्याच रजिस्टरमधून जाऊ द्या. बाकी शून्य आली तर पान (मेमरीचा वाचलेला तुकडा) स्वच्छ, पुढचं काहीच चालवायची गरज नाही. शून्य नसेल, तर आठही चुकांची सगळी माहिती त्या 104 बिटांतच आहे. कारण ज्या बहुपदीने भागलं, तिची किंमत सिंड्रोमच्या प्रत्येक बिंदूपाशी शून्यच येते. भागाकारात जे गेलं त्याने सिंड्रोम बदलत नाही. तेव्हा 4200 बिटांवर धावणारं सिंड्रोमचं वेगवान हार्डवेअर काढून टाका. भागाकारातून उरलेल्या बाकीतले 104 बिट एकेक करून घ्या, 104 क्लॉकमध्ये (घड्याळाच्या ठोक्यांत) काम होतं. मला ही युक्ती फार आवडते, कारण कोडची ताकद एका बिटानेही कमी होत नाही.

पुढचंही असंच. बायनरी कोडमध्ये सम क्रमांकाचा सिंड्रोम हा निम्म्या क्रमांकाच्या सिंड्रोमचा वर्ग असतो, आणि 13 बिटांच्या या गणिती क्षेत्रात (फील्डमध्ये) वर्ग करायला फक्त एक्सॉर (दोन बिट वेगळे असतील तर 1 देणारे गेट) लागतात. आठ चुकांसाठी लागणाऱ्या सोळाऐवजी आठच सिंड्रोम काढायचे. बर्लेकॅम्प-मॅसीतही एकाआड एक पायरी गळते, आणि भागाकार टाळणारं रूप वापरलं की व्यस्त (1 भागिले ती संख्या) काढणारा मोठा ब्लॉकही जातो.

चिएन शोधात 13 बिटांच्या क्षेत्रामुळे 8191 जागा तपासायच्या असतात, पण आपला शब्द 4200 चाच आहे. उरलेल्या 3991 जागा तपासूच नका. सुरुवातीलाच योग्य स्थिरांकांनी गुणून पुढे जा. गुणाकाराची भीती बाळगू नका. हे क्षेत्र बांधणाऱ्या नेहमीच्या प्रिमिटिव्ह बहुपदीत अल्फाने (क्षेत्राच्या मूळ घटकाने) गुणणं म्हणजे एक सरकवणं आणि तीन एक्सॉर. एका क्लॉकला एक जागा, 100 मेगाहर्ट्झला 42 मायक्रोसेकंद. चुकलेली पानं क्वचितच येत असतील तर एवढा वेळ परवडतो, आणि चार चॅनेलांना (चिपांकडे जाणाऱ्या वाटांना) मिळून एकच शोधयंत्र पुरतं. चिप जुनी झाली की मात्र जवळजवळ प्रत्येक पानात एखादी तरी चूक येते. तेव्हा रांग किती लांबते ते आधी मोजा, मगच वाटणी करा.

दोन गोष्टींना कात्री लावू नका. पहिली, पुसलेल्या पानात सगळे बिट 1 असतात, पण तो बहुधा वैध शब्द नसतो. पॅरिटी एका ठरलेल्या स्थिरांकाशी एक्सॉर करून ठेवली की कोरं पानही स्वच्छ वाचलं जातं. दुसरी त्याहून महत्त्वाची. सापडलेल्या मुळांची संख्या आणि बहुपदीचा घात जुळतात का, हे तपासणारा छोटा तुलनाकार. न जुळल्यास 'दुरुस्त होत नाही' असं स्पष्ट सांगायचं आणि पान जसंच्या तसं सोडायचं. हा तुलनाकार काढून मोजके गेट वाचतात, पण माणसाच्या हिशेबाच्या फायलीत चुकीचा आकडा गुपचूप जाऊ शकतो. हे मला कुठल्याही वेगाच्या बदल्यात मान्य नाही.

असा डिकोडर तपासणंही सोपं जातं. कोड रेषीय आहे, म्हणून सगळ्या शून्यांच्या शब्दावर चुका टाकून बघितल्या तरी पुरतं. दोन चुकांच्या जोड्या 88,17,900 होतात. त्या सगळ्याच्या सगळ्या एफपीजीएवर (हवं तसं सर्किट भरता येणाऱ्या चिपवर) चालवा, नमुना काढून भागवू नका. तीन ते आठ चुकांसाठी यादृच्छिक चाचण्या घ्या. मग मुद्दाम नऊ चुका टाका आणि तो तुलनाकार किती वेळा हात वर करतो, ते वहीत लिहून ठेवा.