बारच्या काउंटरवरचं ‘नाही’

कॉकटेल कसं बनवायचं ते तुमचे सर माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील. मी आज बोलणार आहे ते मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये पाहुण्याला ‘नाही’ कसं म्हणायचं याबद्दल. ‘येस सर’ मला आठवडाभरात जमलं. ‘नाही’ जमायला दहा वर्षं गेली.

आपल्याकडे महाराष्ट्रात हा प्रसंग रोजचा. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, बारला ‘परमिट रूम’ म्हणतात ते त्यातल्याच परमिटमुळे. व्हिस्की-रमला वय २५ पूर्ण लागतं, माइल्ड बिअरला २१. त्यात ड्राय डे, लास्ट ऑर्डर. समोर बसलेल्याला यातलं काही ठाऊक नसतं, किंवा असूनही नसतं.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. पोराला पहिली नोकरी लागलेली, वडील पहिल्यांदाच त्याच्यासोबत ‘बसणार’ होते. ‘दोन लार्ज!’ म्हणाले, आवाजातच खुशी. पोरगा कोवळा दिसत होता. मी जागेवरूनच, शेजारच्या चौघांना ऐकू जाईल असं विचारलं, ‘सर, यांचं वय काय? आयडी आहे?’ तेवीसचा निघाला. कायद्याने माझं बरोबरच होतं. वडिलांनी नॅपकिनची घडी केली, ती काउंटरवर ठेवली आणि दोघं निघून गेले. चखण्याच्या वाटीला हातसुद्धा लागला नव्हता.

रात्री बाटल्या मोजताना आमच्या कॅप्टनने, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाने, विचारलं, ‘बिअरचं पान का नाही उघडलंस?’

त्या माणसाला व्हिस्की नकोच होती हो. त्याला पोराच्या ग्लासला ग्लास लावायचा होता. पुढे मी मेनू बिअरच्या पानावर उघडूनच समोर ठेवायला लागलो आणि वाकून हळूच म्हणायचो, ‘साहेब, पंचविशी व्हायची असेल तर यातली थंडगार देतो.’ आयडी बघायचोच, पण तो बिलाच्या फोल्डरमध्ये घालून द्यायला सांगायचो. शेजाऱ्याला पत्ता लागत नाही.

माणूस मागतो एक आणि त्याला हवं असतं दुसरंच. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या अमेरिकन बारमध्ये एडा कोलमन नावाची बाई मुख्य बारटेंडर होती, १९०३ पासून. त्याच वर्षी आपलं ताज उघडलं. चार्ल्स हॉट्री हा नट कामाने दमून यायचा आणि म्हणायचा, काहीतरी जोरकस दे. तिने बरेच प्रयोग करून जिन आणि गोड व्हर्मूथमध्ये (ही मसाल्या-वनस्पतींची वाइन) फर्नेट ब्रँका ही कडवट इटालियन दारू जराशीच घातली. तेच आजचं ‘हँकी पँकी’. नुसती डबल जिन ओतून मोकळी झाली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. (मागे बसलेल्या मुलींनो, बारमध्ये बायकांना नोकरीची मनाई करणारं दिल्लीतलं कलम हायकोर्टाने रद्द केलं आणि सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं ते २००७ साली. हिशेब तुम्हीच करा.)

सगळ्यात अवघड ‘नाही’ जास्त झालेल्या पाहुण्याला. ‘तुम्हाला चढलीय’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. पेगमध्ये गुपचूप पाणीही घालायचं नाही, ती चोरी आहे. पाण्याचा ग्लास न मागता भरत राहायचा, किचनमधून गरम काहीतरी मागवायचं, पुढच्या ऑर्डरला मुद्दाम वेळ लावायचा. आणि आवाज आपला खाली ठेवायचा. आपण खाली आलो की तोही येतो.

आमचे एक नेहमीचे साहेब एका रात्री फारच बोलले. बायकोबद्दल, धंद्यातल्या भागीदाराबद्दल, मग रडले. मी गाडीची किल्ली मागून घेतली, टॅक्सी बोलावली, ड्रायव्हरला पत्ता नीट समजावला. दुसऱ्या संध्याकाळी किल्ली न्यायला आले. काउंटरपाशी जरा घुटमळले.

‘काल मी काही बोललो का रे?’

मी ग्लास पुसत होतो. म्हटलं, ‘नाही, साहेब.’