भाजलेल्या मक्याच्या मागावर: मेक्सिको सिटीत खायचं, प्यायचं, राहायचं कुठे?

सकाळचे सात वाजलेत. गल्लीच्या तोंडाशी एक बाई शेगडीवर मोठा तवा ठेवून बसली आहे. या तव्याला इथे कोमाल म्हणतात. तिच्या हातातला गोळा निळसर करडा दिसतोय, पण त्यात रंग घातलेला नाही. मकाच निळा आहे. गोळ्यात ती काळ्या घेवड्याचं सारण भरते, पुरण भरावं तसं, आणि तळव्यांवर थापून त्याला लांबट आकार देते. भाजून झालं की वर निवडुंगाचे शिजवलेले तुकडे, कांदा, चीज आणि हिरवी चटणी. हा त्लाकोयो.

मेक्सिको सिटीत कुठे जेवायचं, असं कुणी विचारलं तर माझं पहिलं उत्तर हेच असतं: जिथे पीठ तुमच्या डोळ्यांदेखत थापलं जातंय, तिथे. पाटी नका बघू, वास घ्या.

तो वास येतो चुन्याचा. हो, आपण विड्याच्या पानाला लावतो तोच चुना. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात. सकाळी चोळून धुतले की सालं सुटतात, मग दळण. या मक्याला निश्तामाल म्हणतात. स्पॅनिश लोक इथे आले त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून इथल्या बायका हे करत आल्या आहेत, आणि दळायला त्यांच्याकडे होता मेताते, म्हणजे आपला पाटा-वरवंटाच. चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो, भाकरी तुटत नाही. शिवाय मक्यात अडकून राहिलेलं एक जीवनसत्त्व, नायसिन, अंगी लागतं. युरोपने मका नेला, पण ही रीत नेली नाही. पुढे जिथे गरिबांचं पोट नुसत्या मक्यावर चालायचं, तिथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला. एका मूठभर चुन्याचा हा फरक आहे. म्हणून तोर्तिया, म्हणजे या पिठाची पातळ भाकरी, हातात आली की आधी एक घास नुसतीच खाऊन बघा.

सकाळी घाईत असलेली माणसं मात्र तमाल खातात. मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेलं पीठ, तेही पावात घालून. त्याला गुआहोलोता म्हणतात, आणि सोबत गरम आतोले, म्हणजे मक्याचीच दाटसर पेज. दुपारपर्यंत भूक लागत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. घेवड्यात आणि तमालच्या पिठात डुकराची चरबी असते, ती दिसत नाही. "तिएने मान्तेका?", म्हणजे चरबी आहे का, एवढं विचारायला शिका. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली तोर्तिया, मागा, किंवा उइतलाकोचेची. हा मक्याच्या कणसावर वाढणारा काळा बुरशीचा प्रकार. दिसायला नकोसा वाटतो, चवीला अळंबीच्या जवळचा. आणि केसादियात चीज हवं असेल तर तसं सांगा, कारण या शहरात ते आपोआप येत नाही.

आता हामायका बाजारात. हा मुळात फुलांचा बाजार. नोव्हेंबरच्या तोंडावर, पितरांच्या सणाला, इथे झेंडूचे ढीग लागतात. आपण दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू मूळचा इथलाच. मिरचीही इथलीच, पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्यात उतरली. फळांच्या गाड्यावर चिकू दिसेल. त्याचं इथलं नाव चिकोसापोते, आणि आपल्या शब्दाचं मूळ त्यात स्वच्छ ऐकू येतं.

मुख्य जेवण दुपारी, दोन ते चारच्या मधे. बाजारातल्या किंवा गल्लीतल्या फोन्दात शिरा. फोन्दा म्हणजे घरगुती खानावळ. सूप, भात, एक रस्सा, तोर्तिया आणि चिंचेचं सरबत, सगळं एका ठरलेल्या दरात. पांढरपेशा भागातल्या कितीतरी महागड्या टेबलांपेक्षा मला हे जेवण जास्त प्रामाणिक वाटतं.

संध्याकाळच्या आत पुल्के प्यायला हवी. सान हुआन बाजाराजवळच्या 'लास दुएलिस्तास'मध्ये या. भिंती आस्तेक देवतांच्या चित्रांनी भरलेल्या, आणि ग्लासात दुधासारखं पांढरं, किंचित तार सुटणारं पेय. हे पेय मागेयचं. मागेय हा घायपाताच्या कुळातला. तो पक्व व्हायला कित्येक वर्षं जातात. फुलोरा येण्याआधी त्याचा गाभा कोरतात आणि त्या खळग्यात जमणारा गोड रस रोज काढतात. हा ताजा रस म्हणजे नीरा समजा, आणि आंबला की झाली पुल्के, ताडीचंच नातं. पुल्के आंबायची थांबत नाही, म्हणून ती बाटलीत टिकत नाही, दूर जात नाही. जवळच्या इदाल्गो, त्लाश्काला राज्यांतून ताजी येते आणि ताजीच संपते. पेरूचा गर घातलेली पुल्के आधी घ्या. पण बेताने. हे शहर 2,240 मीटरवर आहे, आपलं कळसूबाई 1,646. पहिल्या दिवशी जिना चढतानाही धाप लागते. नळाचं पाणी पिऊ नका.

रात्रीचे टाको, म्हणजे छोट्या तोर्तियांवर वाढलेलं मांस. नार्वार्ते भागातलं 'एल विल्सितो' दिवसा मोटारींचं गॅरेज असतं, रात्री तिथे मांसाचा उभा सळईदार मनोरा फिरू लागतो. त्याला त्रोम्पो म्हणतात, म्हणजे भोवरा. लेबनॉनहून आलेल्या लोकांनी शावर्मा आणला. इथे मटणाच्या जागी डुक्कर आलं, मसाल्यात मिरची आली आणि माथ्यावर अननस. टाको अल पास्तोर तो हाच. सान राफाएलमधलं 1968 सालचं 'एल कालिफा दे लेओन' गोमांसाचे टाको देतं. जेमतेम खोलीभर जागा, खुर्च्या नाहीत. 2024 मध्ये त्याला मिशेलिनचा तारा, म्हणजे उपाहारगृहांसाठीचा मोठा मान, मिळाला, तरी गिऱ्हाईक उभ्यानेच खातं.

राहायचं कुठे? पहिल्यांदाच येत असाल तर जुन्या मध्यवस्तीत, सोकालो चौकाच्या आसपास. हा भाग तळ्यावर भर घालून वसलेला, त्यामुळे इमारती खचतात, कललेल्या दिसतात. चौकाला लागून असलेल्या 'ग्रान होटेल'चं रंगीत काचांचं छत तिथे न राहताही बघून या. रोमा आणि कोन्देसा हे झाडांच्या सावलीतले, सुखाचे भाग. पण तिथे पाहुण्यांना महिनोन्‌महिने घरं भाड्याने दिली जातात आणि मूळ रहिवाशांना भाडं परवडेनासं झालंय. जुलै 2025 मध्ये लोक त्यासाठी रस्त्यावर उतरले. म्हणून तिथे राहायचंच तर फ्लॅट न घेता छोटं हॉटेल घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. खोलीत शिरताच बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवा. खांबांवरचे भोंगे भूकंपाचा इशारा देतात, आणि हाताशी काही सेकंदच असतात.

रात्री खिडकीखाली दुसराच एक आवाज येईल, लांबलचक, चिरका, इंजिनाच्या शिटीसारखा. घाबरू नका. तो रताळीवाला आहे, शिटी त्याच्या गाडीच्या वाफेची. खाली उतरा. भट्टीतून गरम रताळं निघेल, उभं चिरून त्यावर तो आटवलेलं गोड दूध ओतेल.