'बसून राहा ना जी, पडसान'

[दृश्य: नागपूरच्या महाल भागातलं घर. खिडकीत घरघरणारा कूलर, खाली ओली फरशी.]

मे महिना. नागपूरचा पारा ४५ अंशांना टेकलेला, कूलर दिवसरात्र चालू. त्याचं गळणारं पाणी फरशीवर पसरतं ते भरदुपारीही नीट दिसत नाही, मग पहाटे लघवीला उठलेल्या आजोबांना कुठून दिसणार?

त्यात उन्हानं अंगातलं पाणी आटलेलं आणि बीपीची गोळी चालू. पलंगावरून झटकन उठलं की रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. उभं राहिल्यावर ३ मिनिटांत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. पार्किन्सन्समध्ये, म्हणजे हालचाली मंदावणाऱ्या मेंदूच्या आजारात, तर रोगामुळेही दाब घसरतो आणि काही औषधांमुळेही. आधी पाय खाली सोडून बसायचं, घोटे हलवायचे, मग उठायचं.

[दृश्य: दाराच्या चौकटीत थबकलेले पाय.]

पार्किन्सन्सचा माणूस बरेचदा दारात किंवा वळताना अडकतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. घरचे घाबरून हात ओढतात. धड पुढे जातं, पाय तिथेच राहतात. ओढू नका. थांबू द्या, भार एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्या, 'एक, दोन' म्हणा. दारापाशी फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या, तर त्या ओलांडायला अनेकांचा पाय उचलला जातो.

एकदा पडले, की घरात सुरू होतं: 'बसून राहा ना जी, पडसान.' माया खरी, पण बसून बसून मांड्यांतली ताकद जाते आणि तोल आणखीच बिघडतो. घरी राहणाऱ्या साठीपुढच्या लोकांवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा २०१९ चा आढावा सांगतो, की व्यायामानं पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं. व्यायाम तरी कोणता? खुर्चीतून हात न टेकता उठणं, ओट्याला धरून टाचा उचलणं. पार्किन्सन्स किंवा लकवा असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावं, आणि करताना शेजारी कुणीतरी असावं.

बाथरूममधली टॉवेलची दांडी मात्र आधार समजू नका, ती हातात निघून येते. भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी दांडी वेगळी.

आणि पडलेच, तर काखेत हात घालून लगेच उचलू नका. आधी कुठे दुखतंय ते विचारा. डोक्याला मार लागलाय आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तर बाबा ठणठणीत बोलत असले तरी लगेच दवाखान्यात न्या.