नारायणगाव : छाटणीच्या हातांचे गाव

पुण्याहून नाशिककडे जाताना मंचर आणि कळंब मागे पडले की मीना नदीच्या काठी नारायणगाव लागते. बाह्यवळण झाल्यापासून बरीच वाहने गावात न शिरताच पुढे जातात. येथील कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी पसारा लहान शहराचा आहे. टोमॅटोचा मोठा बाजार येथे भरतो, खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीकडे जाणारी वाट येथूनच फुटते, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे यात्रा-पंच तमाशाच्या फडांना सुपारी देण्यासाठी येथील राहुट्यांत येतात. विठाबाई नारायणगावकरांनी या गावाचे नाव महाराष्ट्रभर पोहोचवले. पुढे 1980 च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने येथे फेसाळ वाइन तयार केली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती युरोपातही गेली.

परंतु वाइनची सुरुवात बाटलीत होत नाही, ती आता या द्राक्षबागेत आपल्यासमोर चालणाऱ्या छाटणीच्या कात्रीपासून होते.

युरोपात हिवाळ्याच्या थंडीने द्राक्षवेल विश्रांती घेतो आणि वर्षातून एकदा छाटला जातो. आपल्याकडे तेवढी थंडी नसल्याने ही विश्रांती माणसाला घडवून आणावी लागते, म्हणून महाराष्ट्रातील बागाईतदार एका पिकासाठी वेल दोनदा छाटतात. एप्रिलमधील खरड छाटणीत ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीवरच्या, काड्या अगदी बुडाशी राखून कापल्या जातात, आणि त्यानंतर फुटणाऱ्या नव्या काड्यांच्या डोळ्यांत, म्हणजे अंकुरांत, भर उन्हाळ्यात पुढच्या हंगामाचा घड आकार घेऊ लागतो. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी येते. घड नेमका कोणत्या डोळ्यात आहे हे काडी तपासून ठरवतात आणि मगच कात्री चालते. एक डोळा खाली कापला तर त्या काडीचे वर्ष वाया जाते. पाहा, ही बाई काडीवर बोट फिरवत डोळे मोजते आहे आणि कापताना क्षणभरही थबकत नाही. तिच्या मागून येणारी दुसरी बाई निवडक डोळ्यांना पेस्ट लावते, म्हणजे फूट एकसारखी निघते. या पेस्टमधील हायड्रोजन सायनामाइड त्वचेला घातक असते, म्हणून हातमोजे अत्यावश्यक आहेत.

खाण्याच्या द्राक्षाचे मणी फुगवण्यासाठी घड जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवतात. वाइनच्या द्राक्षाला ते चालत नाही, कारण तेथे लहान मणी आणि जाड सालच हवी असते. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो. काढणीच्या वेळी साखर मोजून दिवस ठरतो आणि ऊन चढण्यापूर्वी क्रेट भरले जातात.

जुन्नर आणि अकोले तालुक्यांच्या आदिवासी पट्ट्यातून आलेल्या मजुरांच्या टोळ्यांशिवाय यातले एकही काम वेळेवर होत नाही. हे कौशल्य आहे, केवळ अंगमेहनत नव्हे, असे आम्ही ठामपणे मानतो.

चौगुले यांची कंपनी पुढे कर्जात बुडाली. वाइनच्या द्राक्षाला ताज्या फळांच्या बाजारात गिऱ्हाईक नसल्याने, कारखाना थांबला की बागाईतदाराला वेल उपटण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही.

राज्य शासनाने 2018 मध्ये जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून घोषित केला. शिवनेरी पाहून पर्यटक द्राक्षबागांकडे वळतील, आणि त्यांच्यासाठी रस्ते व फलक होतील, ते व्हायलाही हवेत. मात्र छाटणी करणाऱ्या मजुरांसाठी रात्रीचा निवारा, शौचालय, पिण्याचे पाणी आणि हंगामापुरता पाळणाघराचा खर्च ग्रामपंचायत विकास आराखड्यात त्याआधी बसला पाहिजे. हा आराखडा ग्रामसभेपुढे येतो, आणि 2 ऑक्टोबरची ग्रामसभा नेमकी छाटणीच्या दिवसांत भरते. त्या वेळी मजूर बागेत असतात, त्यामुळे हा विषय मांडण्याची जबाबदारी गावातील बागाईतदारांनी घ्यावी.