मेलची लिंक नेमकी कुठे अडते?

(नाशिकमध्ये गंगापूर रोडवर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आजचा विषय दिसायला छोटा आहे, पण त्यापायी रोज कामाचा खोळंबा होतो. वेबसाइटवर एखादा ईमेल पत्ता दिसतो, आपण क्लिक करतो, आणि काहीच होत नाही. नाहीतर आपण कधी वापरलाच नाही असा मेल प्रोग्रॅम उघडतो आणि ‘खातं जोडा’ म्हणून अडून बसतो. कधी नुसता ब्राउझरचा कोरा टॅब येतो. इकडे थंडरबर्ड हा आपला रोजचा मेल प्रोग्रॅम व्यवस्थित चालू असतो, मेल येतायत, जातायत. मग माणूस म्हणतो, ‘लिनक्सचं हे असंच.’ हे वाक्य मला मनापासून खटकतं. यातलं काहीही गूढ नाही, आणि दुरुस्ती बहुतेक वेळा एका ओळीची असते.

हा प्रश्न आत्ताच का वाढलाय तेही सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. चांगली चालणारी मशीनं त्यात बसेनात, म्हणून सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये, सीएंच्या ऑफिसांत, शेतमालाच्या पेढ्यांवर लोकांनी मिंट किंवा उबंटू या लिनक्सच्या प्रणाली टाकून घेतल्या. उत्तम केलं. पण टाकून देणारा मेलची लिंक तपासत नाही.

आता द्राक्षांचा हंगाम डोळ्यांसमोर आणा. पिंपळगाव-निफाड पट्ट्यातल्या पॅकहाउसमधून कंटेनर निघायचाय. पॅकिंग लिस्ट लिब्रेऑफिस या ऑफिसच्या प्रोग्रॅममध्ये तयार आहे, फाइल मेनूतल्या ‘सेंड’मधून ईमेल निवडलं, आणि पडदा ढिम्म. तिथल्या माणसाला थंडरबर्ड पुन्हा इन्स्टॉल करत बसायला वेळ नसतो, आणि तसं करून उपयोगही नसतो. का नसतो, तेच आज बघू.

ईमेलची लिंक ‘मेलटू’ या शब्दाने सुरू होते, पुढे विसर्गासारखा कोलन आणि मग पत्ता. तिची सध्याची व्याख्या ऑक्टोबर २०१०च्या आरएफसी ६०६८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात आहे. लिंकमध्ये विषय, मजकूर, सीसी हे सगळं भरता येतं. ब्राउझर स्वतः मेल पाठवत नाही. तो डेस्कटॉपला, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-मेनू सांभाळणाऱ्या भागाला विचारतो, ‘मेलटू कोण सांभाळतं?’ डेस्कटॉप एका साध्या मजकुराच्या फाइलीत बघतो आणि तिथे लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या हाती ती लिंक देतो.

ती फाइल आत्ता पडद्यावर आहे. तुमच्या होम फोल्डरमध्ये ‘डॉट कॉन्फिग’ नावाचा लपलेला फोल्डर असतो, त्यात ‘माइमॲप्स डॉट लिस्ट’. चौकोनी कंसात ‘डिफॉल्ट ॲप्लिकेशन्स’ असं शीर्षक, खाली एकेक ओळ. आपल्याला हवी ती ओळ ‘एक्स-स्कीम-हँडलर’, तिरकी रेघ, ‘मेलटू’ अशी सुरू होते. बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडे एक नाव आहे : ‘थंडरबर्ड डॉट डेस्कटॉप’. हे नाव प्रोग्रॅमचं नाही, हे नीट लक्षात घ्या. ते त्या प्रोग्रॅमच्या पाटीचं नाव आहे. प्रत्येक प्रोग्रॅम इन्स्टॉल होताना एक डेस्कटॉप फाइल ठेवतो; आपण काय काय उघडू शकतो आणि आपल्याला कसं हाक मारायची, एवढंच तिच्यावर लिहिलेलं असतं.

निम्म्याहून जास्त गोंधळ मी या नावापाशीच पाहिलाय. लिनक्सवर एकच प्रोग्रॅम डेब, स्नॅप, फ्लॅटपॅक अशा वेगवेगळ्या पॅकेजमधून मिळतो. थंडरबर्ड जुन्या पद्धतीच्या डेब पॅकेजमधून घेतला तर पाटी ‘थंडरबर्ड डॉट डेस्कटॉप’. स्नॅपमधून आला तर पाटी ‘थंडरबर्ड अंडरस्कोर थंडरबर्ड डॉट डेस्कटॉप’. फ्लॅटपॅकची पाटी आणखी तिसरीच. उबंटू २४.०४पासून थंडरबर्ड स्नॅप म्हणूनच येतो. म्हणजे फाइलीत जुनं नाव आणि मशीनवर पाटी नवी, असं होऊ शकतं. उजवीकडच्या नावाची पाटी सापडली नाही तर डेस्कटॉप तक्रार करत नाही, गुपचूप पुढच्या नावाकडे जातो. तिथे एव्होल्यूशन हा दुसरा मेल प्रोग्रॅम असला तर तोच उघडतो आणि खातं मागतो. ही फाइल तुमच्या होममध्ये राहते, म्हणून प्रोग्रॅम दहादा काढून टाकला तरी ओळ जशीच्या तशी. री-इन्स्टॉल वाया जातं ते यामुळे.

तेव्हा आधी विचारायचं, मग दुरुस्त करायचं. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा. पडद्यावरची पहिली कमांड ‘एक्सडीजी-माइम क्वेरी डिफॉल्ट’, पुढे त्या मेलटूच्या ओळीतला बरोबरच्या चिन्हाआधीचा भाग. उत्तर म्हणून पाटीचं नाव येईल. ते नाव खरंच आहे का, हे ‘यूएसआर-शेअर-ॲप्लिकेशन्स’ फोल्डरमध्ये बघा. स्नॅपच्या पाट्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, ‘व्हार-लिब-स्नॅपडी’च्या आत. नाव चुकलं असेल तर ‘एक्सडीजी-माइम डिफॉल्ट’ने बरोबर पाटी द्या. टर्मिनलची भीती वाटत असेल तर सेटिंग्जमधल्या डिफॉल्ट ॲप्लिकेशन्समध्ये मेलचा प्रोग्रॅम एकदा बदला आणि परत हवा तो निवडा. ओळ नव्याने लिहिली जाते. आणि कृपा करून कुणी सांगितलं म्हणून अख्खा ‘डॉट कॉन्फिग’ फोल्डर उडवू नका. त्यात तुमच्या सगळ्या प्रोग्रॅमची सेटिंग्ज असतात. या एका फाइलीची प्रत काढा, ओळ बदला, बस्स.

उत्तर बरोबर आलं तर ‘एक्सडीजी-ओपन’ या कमांडला मेलटूची लिंक देऊन बघा. थंडरबर्ड उघडला, पण ब्राउझरमधून मात्र उघडत नाही? मग डेस्कटॉप निर्दोष आहे. फायरफॉक्स स्वतःची वेगळी यादी ठेवतो : सेटिंग्ज, जनरल, ॲप्लिकेशन्स, तिथे मेलटू. क्रोममध्ये कधीतरी जीमेलने ‘मेलच्या लिंक मी उघडू का’ असं विचारलेलं असतं आणि कुणीतरी ‘अलाउ’ दाबलेलं असतं. साइट सेटिंग्जमध्ये प्रोटोकॉल हँडलर्स बघा आणि नको असेल ते काढा.

केडीई आणि एक्सएफसीई या लिनक्सच्या इतर डेस्कटॉपमध्येही डिफॉल्ट ॲप्लिकेशन्सचा पर्याय आहे. एक्सएफसीई आपली निवड ‘हेल्पर्स डॉट आरसी’ नावाच्या वेगळ्या फाइलीत लिहितो, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

आता पॅकिंग लिस्टकडे येऊ, कारण तिथे मामला वेगळा आहे. लिंक उघडणं आणि फाइल जोडून देणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मेलटूच्या व्याख्येत अटॅचमेंटची सोयच नाही, आणि नसावीच. २०२०मध्ये ‘एक्सडीजी-ईमेल’ या मेल प्रोग्रॅम उघडून देणाऱ्या कमांडमधली एक त्रुटी नोंदली गेली. लिंकमध्येच ‘अटॅच’ लिहून थंडरबर्डच्या मेलला वापरणाऱ्याच्या नकळत त्याच्याच मशीनवरची फाइल जोडता येत होती. अनोळखी साइटवरच्या लिंकने तुमच्या खासगी फाइली बाहेर जाव्यात, हे भयंकर आहे. म्हणून लिब्रेऑफिस अटॅचमेंट देताना लिंक वापरत नाही, मेल प्रोग्रॅमला वेगळी आज्ञा देतो. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, इंटरनेट, ईमेल इथे जुना मार्ग लिहिलेला असेल तर तो पुसा.

तरीही मेल उघडतो आणि अटॅचमेंट सापडत नाही म्हणतो? मग थंडरबर्ड स्नॅपचा आहे का ते बघा. लिब्रेऑफिस पाठवायची प्रत तात्पुरत्या ‘टेम्प’ फोल्डरमध्ये ठेवतो आणि स्नॅपच्या प्रोग्रॅमला स्वतःचा वेगळा टेम्प असतो, बाहेरचा दिसत नाही. ही सुरक्षेची भिंत आहे, तिच्यावर रागावू नका. पॅकहाउससारख्या ठिकाणी, जिथे दिवसभर कागद पाठवायचे असतात, तिथे मी डेबमधलाच थंडरबर्ड ठेवायला सांगेन. मिंट तो आजही तसाच देतो.

स्वतःची वेबसाइट असलेल्यांसाठी एक गोष्ट. लिंकमध्ये मराठी विषय टाकता येतो, पण तो यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत टक्क्याच्या चिन्हांनी लिहावा लागतो. ‘नाशिक’ या शब्दात काना-वेलांटी धरून ५ चिन्हं; प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे १५, आणि प्रत्येक बाइटला टक्क्याचं चिन्ह धरून ३ अक्षरं, असे एकूण ४५. एवढ्याशा शब्दाचा असा शेपटा बघून लोक घाबरतात आणि इंग्रजीत विषय लिहून मोकळे होतात. तसं करू नका. विषय मराठीत असावा, लिंक बरोबर लिहिली तर थंडरबर्ड तो स्वच्छ दाखवतो.

समोरून चिठ्ठी आलीय : ‘आम्ही फक्त ब्राउझरमधलं जीमेल वापरतो, आम्ही काय करायचं?’ तुम्हीच एक पाटी लिहा. होममधल्या ‘डॉट लोकल-शेअर-ॲप्लिकेशन्स’ फोल्डरमध्ये छोटी डेस्कटॉप फाइल. तिच्या ‘एक्झेक’ ओळीत ब्राउझर उघडणारी कमांड आणि तिच्यापुढे जीमेलचा नवा मेल उघडणारा पत्ता, ‘माइमटाइप’ ओळीत मेलटू. मग ‘अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस’ ही कमांड त्या फोल्डरवर चालवा आणि सेटिंग्जमध्ये ती पाटी निवडा. पत्ता, विषय, मजकूर सगळं भरून येईल. लिब्रेऑफिसमधली फाइल मात्र यातून जोडली जाणार नाही, ती हातानेच ओढून टाकायची. लॅपटॉप आणलेल्यांनी पुढे या, पाटी आत्ताच लिहून घेऊ.