बोर्ड बदलण्याआधी सेन्सर बघा

श्रोतेहो, नमस्कार.

इंडक्शन शेगडी लावली, मिनिटभर चालली आणि टूं-टूं करत बंद पडली. पडद्यावर ई आणि त्यापुढे कुठला तरी आकडा. दुरुस्तीला नेली की बऱ्याचदा पहिलं वाक्य कानावर येतं, "बोर्ड गेलाय." बोर्ड म्हणजे शेगडी चालवणारी आतली इलेक्ट्रॉनिक पाटी. तिचा खर्च ऐकून आपण शेगडी माळ्यावर टाकतो आणि नवी घेतो. अहो, पण काचेखालचा, तापमान ओळखणारा सेन्सर कुणी तपासला का? तो सुटा मिळतो शंभर रुपयांच्या आत.

आधी सोप्या गोष्टी उरकून घेऊ. ई-पुढच्या आकड्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, तेव्हा शेगडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक काढा. भांड्याचा बूड सपाट आहे का ते बघा. फुगलेल्या बुडाचा कुकर काचेला नीट टेकत नाही, मग सेन्सर चांगला असूनही त्याला तापमान चुकीचं कळतं. खालच्या पंख्याची जाळी धुळीनं आणि तेलकट मळानं बुजली असेल तर ती साफ करा. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हाही शेगडी अशीच रुसते.

हे सगळं ठीक असूनही थंड शेगडी "तापली, तापली" म्हणत असेल, किंवा रोज मिनिटभरातच थांबत असेल, तर संशय सेन्सरवर घ्यायचा.

हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. ज्वारीच्या दाण्याएवढा. तांब्याच्या कॉइलच्या मधोमध, काचेला खालून चिकटून बसलेला, त्याला दोन बारीक वायरी. तापला की त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो, आणि त्यावरून बोर्डाला भांड्याचा अंदाज येतो. वायर तुटली तर बोर्डाला वाटतं कडाक्याची थंडी आहे. दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या तर वाटतं आग लागलीय. काही मॉडेलं मात्र लगेच तक्रार करत नाहीत. थोडा वेळ तापवून बघतात, आकडा हललाच नाही तर मग थांबतात. "चालू होते आणि बंद पडते" याचं कोडं बऱ्याचदा इथे सुटतं.

आता तपासणी. वॉरंटी असेल तर शेगडी उघडूच नका. नसेल तर प्लग काढून चांगली दहा मिनिटं थांबा. आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास भारलेला असतो आणि प्लग काढल्या काढल्या तो रिकामा होतोच असं नाही. विजेच्या कामाचा हात नसेल तर हे जाणकाराकडून करून घ्या, फक्त आपल्यासमोर. खालचे स्क्रू काढून कॉइलच्या मधून आलेल्या त्या दोन वायरींचा कनेक्टर बोर्डावरून सोडवायचा. बोर्डाला जोडलेला ठेवून मोजलं तर आकडा फसवतो. मल्टिमीटर, म्हणजे रोध मोजायचं मीटर, २०० किलोओमवर लावा; किलोओम हे रोधाचं माप. घरोघरच्या बऱ्याच शेगड्यांत १०० किलोओमचा थर्मिस्टर असतो. हा आकडा २५ अंशांचा. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी तो ८०-च्या खाली दिसला तर घाबरू नका, आणि थंडीत महाबळेश्वरला १५०-च्या वर गेला तरी नाही.

खरं तर नेमक्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. थर्मिस्टरचा दाणा चिमटीत धरा. आकडा सावकाश, न अडखळता खाली आला पाहिजे. सोडला की हळूहळू वर. मीटरच्या टोकांना मात्र बोटं लावू नका, अंगातून वीज वाहते आणि आकडा उगाच कमी दिसतो. वायर हलवल्यावर आकडा उड्या मारत असेल तर तुटकी जागा तिथेच आहे. दाणा चिमटीत धरूनही रोधाचा आकडा आलाच नाही (मीटरवर नुसता १ किंवा ओएल राहिला), किंवा शून्य दिसलं, तर सेन्सर गेला.

कधी सेन्सर धडधाकट असतो, पण काचेखालची, उष्णता पोचवणारी पांढरी पेस्ट वाळून तो खाली सरकलेला असतो. पेस्ट लावून जागेवर बसवला की काम झालं.

एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. काही कारागीर सेन्सर काढून त्या जागी साधा १०० किलोओमचा रेझिस्टर टाकून देतात, ज्याचा रोध तापला तरी बदलत नाही. ज्या मॉडेलात आकडा हलण्याची वाट बघत नाहीत, तिथे ही शेगडी छान चालते आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण आता कढईतलं तेल कितीही तापू दे, शेगडीला ते २५ अंशांवरच वाटणार. ती थांबणारच नाही. तळणीचं तेल असंच पेटतं. दुरुस्ती करून आणलीत तर "सेन्सर बदलला का, जुना दाखवा" असं सरळ विचारा.

नवा घेताना त्याच मॉडेलचा, तेवढ्याच रोधाचा घ्या. बसवल्यावर सपाट बुडाच्या पातेल्यात लिटरभर पाणी उकळून बघा. तरीही शेगडी मध्येच थांबली, तर दुसरा सेन्सर तपासायचा राहिलाय : आयजीबीटीच्या, म्हणजे कॉइलची वीज चालू-बंद करणाऱ्या भागाच्या, हीट सिंकला (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याला) लावलेला. त्याचीही तपासणी अगदी अशीच. बोर्डाकडे वळायचं ते त्यानंतर.

नमस्कार.