दरवर्षी थोडं बारीक

हे कॅटलिया ऑर्किडचं फूल. उमललं तेव्हा पाकळ्यांवर एक ठिपका नव्हता. आज बघा, शिरांच्या कडेनं तपकिरी रेघा उमटल्यात. पाणी जास्त झालं असेल, ऊन लागलं असेल, असं म्हणून आपण कुंडीची जागा बदलतो.

जागा राहू द्या, आधी खोडं बघा. कॅटलिया जुन्या खोडाशेजारी नवं फुगीर खोड काढत पुढे सरकतं. झाड ठणठणीत असेल तर नवं खोड जुन्याच्या तोडीचं होतं. इथे उलटं झालंय. सगळ्यात मागचं अंगठ्याएवढं जाड, मधलं करंगळीएवढं आणि यंदाचं जेमतेम पेन्सिलीएवढं.

तपासणीत सापडला सिम्बिडियम मोझॅक विषाणू. हा आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट नावाचा दुसरा विषाणू, दोघांची ओळख पटली १९५०च्या आसपास, कॅलिफोर्नियात. आज जगभरच्या ऑर्किडांत सर्वाधिक आढळतात ते हेच. ते झाडाला सहसा मारत नाहीत. पेशीतली सामग्री वापरून स्वतःच्या प्रती काढत राहतात. पानांवर फिकट पट्टे पडले की तिथलं हरितद्रव्य घटतं, अन्न कमी बनतं आणि खोडात साठवायला फारसं उरत नाही. दोघे एकत्र आले तर खुरटणं सहसा आणखी वाढतं.

फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची तर वेगळीच पंचाईत. विषाणू अंगात असूनही ते कित्येकदा टवटवीत दिसतं, म्हणून कुणाला शंकाच येत नाही.

काही विषाणू कोळी-किडीमार्फत पसरतात. या दोघांना मात्र माणूस पुरतो. फुलाचा दांडा कापताना कात्रीला रस लागतो आणि तीच कात्री शेजारच्या कुंडीकडे वळते.

१९६०मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज मोरेल यांनी सिम्बिडियम ऑर्किडच्या कोंबाचं इवलंसं टोक बाटलीत वाढवून विषाणूमुक्त रोपं मिळवण्याची पद्धत मांडली. अगदी टोकाशी विषाणू बहुधा पोचलेला नसतो. पुढे याच वाटेनं एका झाडाची हजारो रोपं होऊ लागली. पण मूळ झाड न तपासता मोठा तुकडा घेतला, तर बाटल्यांमधून आजारच वाढतो!

लागण झालेल्या या झाडावर औषध नाही. त्याची कुंडी आता वेगळी ठेवलीय. कात्रीची पाती ज्योतीवर धरलीत, दोन्ही बाजूंनी. ती निवेपर्यंत पुढच्या झाडाला हात लागणार नाही.